चैत्रातले हिमजल

सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाच्या मनात नदीचे वर्ष मृगापासून सुरू होते. पहिला दमदार पाऊस होऊन ओढे गढूळ पाणी घेऊन धावू लागले, की नदी ‘आली’ असे आपण म्हणतो. आणि चैत्र-वैशाखात त्याच नदीचे पात्र उघडे पडून पाणी डोहांपुरते उरले, की गावची पोरे त्या डोहांत उतरून हातांनी मासे धरतात. काश्मीरमधल्या लिद्दर नदीचे पंचांग याच्या अगदी उलट आहे. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत ती नदी आटून निमूटपणे वाहत असते, कारण तिच्या वाट्याचे पाणी वर डोंगरांवर बर्फाच्या रूपाने अडकून पडलेले असते. आणि श्रीनगरच्या बदामांचा फुलोरा ओसरून, काश्मिरी लोक ज्या ऋतूला ‘सोंथ’ म्हणतात तो वसंत एकदा स्थिरावला, म्हणजे ते अडकलेले पाणी थोडेथोडे सुटू लागते. दरवर्षी याच दिवसांत महाराष्ट्रातली असंख्य कुटुंबे पहलगामला मुक्काम करतात, लिद्दरच्या काठच्या गोट्यांवर बसून पाण्यात पाय सोडतात, आणि ते पाणी इतके गार कसे म्हणून चटकन पाय वर घेतात. त्यांच्यापैकी काहींनी नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून एक लवचीक काठी पुढे-मागे हलवणारा आणि डोक्यावरून लांब दोरीचे वेटोळे फेकणारा मनुष्य पाहिलाही असेल. तो नेमके काय करतो, आणि त्यासाठी त्याला वितळत्या बर्फाचा हिशेब इतका बारकाईने का ठेवावा लागतो, हे जाणून घेण्याजोगे आहे. कारण तो हिशेब समजला, की हिमालयातली नदी हे केवळ एक रम्य दृश्य राहत नाही, तर तासातासाला बदलणारी एक जिवंत वस्तू म्हणून ती डोळ्यांपुढे उभी राहते.

ज्या माशासाठी हा सारा खटाटोप चालतो, तो ट्राउट काश्मीरचा मूळ रहिवासी नव्हे. विलायतेच्या थंड, स्वच्छ ओढ्यांत वाढणारा, अंगावर तांबडे आणि काळे ठिपके मिरवणारा हा तपकिरी ट्राउट हिंदुस्थानात आणण्याची कल्पना गोऱ्या अंमलदारांच्या मनात फार पूर्वीपासून घोळत होती. परंतु जिवंत मासा इतक्या लांब आणणे अशक्य, म्हणून त्याची अंडीच आणावी लागणार होती. अंड्यांच्या आतून पिल्लाचे डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसू लागले, की काही काळ ती अंडी बरीच चिवट होतात, आणि ओल्या शेवाळात गुंडाळून बर्फाच्या गारव्यात ठेवल्यास लांबचा प्रवास सोसतात. या युक्तीने १८६४ साली ‘नॉरफोक’ नावाच्या जहाजातून ती टास्मानियापर्यंत सुखरूप गेलीही होती. काश्मीरसाठी १८९९ साली ड्यूक ऑफ बेडफर्डने पाठवलेली अंडी मात्र वाटेतच नासली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली सुमारे १०,००० अंडी पोहोचली, आणि श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल या गृहस्थाच्या देखरेखीखाली त्यांतून पिल्ले निघाली. हारवन येथे पैदास केंद्र उभे राहिले, मिचेलकडेच पुढे काश्मीर दरबाराच्या मत्स्यखात्याचा कारभार आला, आणि खोऱ्यातल्या एकेका ओढ्यात ही पिल्ले सोडण्यात आली. तिथून १९०९ साली अंडी कुलूच्या खोऱ्यात, कटराईंजवळच्या माहिली येथे गेली, आणि हिमाचलातल्या बियास व तीर्थन या नद्यांतही ट्राउट रुजला. दक्षिणेत निलगिरीवर तेच झाले, परंतु तिथे टिकला तो मुख्यत्वे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा इंद्रधनुषी ट्राउट.

आपल्या सह्याद्रीत ट्राउट कधीच टिकला नसता, आणि त्याचे कारण पाण्याच्या उष्णतेत आहे. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या एका लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. तेच पाणी ३० अंशांवर गेले, की साडेसात मिलिग्रॅमवर भागवावे लागते. आपले कटले-रोहू, मरळ त्यावर सुखाने जगतात. ट्राउट जगत नाही. तपकिरी ट्राउट साधारण ४ अंशांच्या खाली जवळजवळ काही खात नाही, १३ अंशांच्या आसपास त्याची वाढ सर्वांत चांगली होते, आणि पाणी १९-२० अंशांपुढे गेले की त्याचे खाणे पुन्हा सुटते. म्हणजे त्याच्या भुकेला वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी मर्यादा आहेत. वसंतातल्या मासेमारीचे सारे शास्त्र यातल्या खालच्या मर्यादेभोवती फिरते, कारण एप्रिलमधल्या पहाटे लिद्दरचे पाणी त्या मर्यादेला टेकलेले असते, आणि उन्हाचा एकेक तास त्याला किंचित वर उचलत असतो.

इथेच वितळत्या बर्फाचा आणि माशाच्या भुकेचा झगडा सुरू होतो. लिद्दरचा एक फाटा कोलाहोईच्या हिमनदीखालून येतो, दुसरा शेषनागाच्या सरोवराकडून येतो, आणि पहलगामपाशी, सुमारे २,१०० मीटर उंचीवर, दोघांचा संगम होतो. रात्री वरच्या डोंगरांवर पुन्हा गोठण पडते, बर्फाचे पाझर थांबतात, म्हणून पहाटे नदीत पाणी सर्वांत कमी आणि सर्वांत निवळ असते. तळाचा गोटान् गोटा मोजून घ्यावा असे. पण त्या वेळी पाणी इतके थंड असते, की मासा तळाशी दगडाच्या आडोशाला दडून राहतो आणि गळाकडे ढुंकूनही पाहत नाही. सूर्य खोऱ्याच्या कडांवर चढतो, पाणी हळूहळू तापू लागते, आणि मासा हलू लागतो. परंतु तेच ऊन वरच्या उतारांवरचा बर्फही वितळवत असते, आणि ते वितळलेले, दुधाळ, अंगातला गारवा जराही न गमावलेले पाणी काही तासांचा प्रवास करून दुपारनंतर खाली येऊन पोहोचते. मग नदीचा रंग बदलतो. निवळ पाणी आधी हिरवट होते, मग राखट; कारण हिमनदीने खडक घासून केलेले पिठासारखे बारीक चूर्ण त्यात मिसळलेले असते, आणि ते तासन् तास तळाशी बसत नाही. पाणी चढते, आवाज वाढतो, आणि मासा पुन्हा आडोशाला जातो. या दोहोंच्या मध्ये, म्हणजे पाणी पुरेसे तापले आहे पण वरचा लोंढा अजून आलेला नाही अशा, साधारण दहा-अकरापासून दोन-तीनपर्यंतच्या वेळात, जे काही घडायचे ते घडते. उगमाजवळ हा अवधी लवकर संपतो, नदीच्या खालच्या टप्प्यात तो उशिरापर्यंत लांबतो; आदल्या रात्री आभाळ निरभ्र असून कडाक्याची थंडी पडली असेल तर लोंढा उशिरा येतो, आणि रात्री ढग दाटून उबारा राहिला असेल तर सकाळपासूनच नदी गढूळ. म्हणून जाणता मासेमार रात्री झोपण्यापूर्वी आभाळ पाहून घेतो. नवखा मासेमार पहाटे चारला उठून काठावर जातो, चार तास कुडकुडतो, आणि नेमका पाणी सुधारण्याच्या वेळी न्याहारीला परततो.

यात पावसाची भर पडते ती निराळी. काश्मीर खोऱ्यात मार्च आणि एप्रिल हेच पावसाचे मुख्य महिने. पश्चिमेकडून येणारी वादळी हवा तिथे एकामागून एक थडकत असते, आणि ताज्या बर्फावर पाऊस पडला म्हणजे पाण्याचा लोंढा दुपटीने येतो. मे आणि जून हे महिने तर मोठ्या हिमनद्यांवर पोसलेल्या प्रवाहांत बहुधा वायाच जातात. अशा नद्या पुन्हा निवळतात त्या भाद्रपदाच्या अखेरीस. तरीही सारेच पाणी बर्फाचे नसते, आणि अनुभवी माणूस दुधाळ नदीशी झगडत बसत नाही, तो झऱ्यांकडे वळतो. अनंतनागच्या दक्षिणेला कोकरनाग, अच्छाबल, वेरीनाग असे चुनखडीतून उसळणारे प्रचंड झरे आहेत. वेरीनागच्या अष्टकोनी कुंडाचे बांधकाम जहांगीराने १६२० साली करवले, आणि झेलमचा उगम तिथेच मानतात. जमिनीच्या पोटातून येणाऱ्या या पाण्याची उष्णता वर्षभर फारशी बदलत नाही: हिवाळ्यात ते आजूबाजूच्या हवेपेक्षा ऊबदार, उन्हाळ्यात तिच्याहून थंड, आणि बहुतेक ऋतूंत निवळ. कोकरनागला राज्याचे मोठे ट्राउट पैदास केंद्र उभारण्यात आले ते याच पाण्याच्या भरवशावर. लिद्दर राखट झालेली असताना त्या बाजूला जावे, तर पाण्यातल्या हिरव्यागार वनस्पतींच्या पट्ट्यांमधून मासे वर-खाली डुलताना स्वच्छ दिसतात. आणि ते दिसतात तितकेच त्यांना आपणही दिसतो, ही तिथली अडचण.

कारण ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. प्रवाह त्याच्या ताटात अन्न आणून वाढतो, आणि तो जागचा फारसा न हलता डावी-उजवीकडे मान वळवून ते टिपतो. पाण्यातून वर पाहणाऱ्या डोळ्याला बाहेरचे जग एका वर्तुळाकार झरोक्यातून दिसते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे त्या झरोक्यात सारे आकाश आणि काठावरची झाडेसुद्धा सामावतात, फक्त कडेच्या वस्तू चपट्या आणि लहान होऊन दिसतात. मनुष्य ताठ उभा राहिला की तो त्या झरोक्यात शिरतो, वाकला की त्याच्या कडेखाली जातो. म्हणून माशाच्या मागच्या बाजूने, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने, खाली वाकून जाणे ही या मासेमारीतली पहिली रीत. उंची कपडे, महागडी काठी यांच्या आधी गुडघे शाबूत हवेत.

आता गळाविषयी. आपल्याकडे गळाला गांडूळ, पिठाची गोळी, क्वचित बेडकाचे पिलू लावतात, दोरीला शिसे बांधतात, आणि त्या शिशाच्या वजनाने गळ दूर जाऊन पडतो. माशीच्या मासेमारीत हा सारा प्रकार उलटा असतो. आमिष म्हणजे एका बारीक आकड्यावर रेशीम, लोकर आणि पिसे गुंडाळून केलेली कृत्रिम माशी. तिला वजन जवळजवळ नाही, ती फुंकरीने उडेल. वजन ठेवलेले असते दोरीत. ही दोरी जाड, टोकाकडे निमुळती होत जाणारी. पूर्वी ती रेशमाची विणून तिला चरबी चोळत असत, आता प्लास्टिकचे आवरण असते. काठी मागे नेली की दोरी मागे उलगडते, ती पूर्ण उलगडण्याची क्षणभर वाट पाहून काठी पुढे आणली की दोरीचे वेटोळे हवेत पुढे लोळत जाते, आणि त्याच्या टोकाला बांधलेल्या केसाएवढ्या बारीक, पारदर्शक धाग्यावरची माशी सर्वांत शेवटी, गवताचे पान गळून पडावे तशी पाण्यावर टेकते. टेकल्यावर तिने प्रवाहाच्या वेगानेच वाहिले पाहिजे. मधला वेगवान प्रवाह दोरीला ओढू लागला आणि माशी पाण्यावर चर काढत सरकली, की ट्राउट ओळखतो. त्या दगडाआडचा मासा त्या दिवसापुरता गेलाच असे समजावे.

ही कला नवी नाही. इ. स. २०० च्या सुमाराचा रोमन ग्रंथकार एलियन याने मॅसेडोनियातले कोळी आकड्यावर तांबडी लोकर गुंडाळून आणि कोंबड्याच्या मानेची दोन पिसे बांधून ठिपक्यांचे मासे धरतात असे वर्णन करून ठेवले आहे. त्या पिसांचा धागा आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो. सह्याद्रीच्या रानांत फिरणाऱ्यांना राखी रानकोंबड्याची ओळख करून द्यायला नको. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे पिवळसर थेंब सांडून थिजावेत असे तकतकीत ठिपके असतात. विलायतेतल्या सामन माशांच्या नामांकित माश्यांवर डोळा म्हणून हेच पीस बांधण्याची रीत पडली, आणि एकोणिसाव्या शतकापासून आपल्या घाटांतल्या या पक्ष्यांच्या माना गठ्ठ्यांनी परदेशी जाऊ लागल्या. ती निर्यात पुढे बंद करण्यात आली आणि पक्ष्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, हे योग्यच झाले. काठीचीही हकीकत अशीच आहे. बांबूच्या कामट्या चिरून, सहा कामट्या षट्कोनी चिकटवून लवचीक काठी करण्याचे तंत्र अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुढे आले, तेव्हा त्यासाठी वापरला जात होता तो ‘कलकत्ता केन’ या नावाने बंगालच्या बंदरातून जाणारा बांबू. चीनमधला टोंकिन बांबू त्याच्या जागी आला तो नंतर.

पण माशी म्हणजे कोणती माशी, हा प्रश्न नदीलाच विचारावा लागतो, आणि वसंतात त्याचे उत्तर दर आठवड्याला बदलते. पहलगामच्या खालच्या अंगाला एका एप्रिलच्या सकाळी परवान्याबरोबर आलेल्या वृद्ध राखणदाराने मला ते उत्तर काढून दाखवले. त्याने पाण्यातला नारळाएवढा एक गोटा दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि उलटा केला. मला आधी ओल्या दगडाखेरीज काहीच दिसेना; मग डोळा सरावला तसे तो दगड हलतोय असे वाटू लागले. तांदळाच्या दाण्याएवढे, चपटे, मातकट कीटक दगडाच्या पाठीवर कडेकडेने सरकत होते. त्यांच्या शेपटीला तीन बारीक केस, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखे थरथरणारे कल्ले. त्यांच्याहून मोठा, करड्या पिवळ्या रंगाचा, दोन जाड शेपट्यांचा एक कीटक खेकड्यासारखा आडोशाला पळाला. आणि दगडाच्या खळग्यात वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली, अर्ध्या बोटाएवढी नळकांडी चिकटलेली होती. त्यांतल्या एका नळकांड्यातून काळे डोके बाहेर आले आणि आत गेले. राखणदाराने त्या चपट्या कीटकांपैकी एकाकडे बोट दाखवले. त्याच्या पाठीवरची पंखांची कोंबे काळीभोर झाली होती. “आज दुपारी,” एवढेच तो म्हणाला, आणि गोटा ज्या खाचेत होता त्याच खाचेत, त्याच बाजूने परत ठेवला.

त्या चपट्या कीटकांना इंग्रजीत मेफ्लाय म्हणतात. बहुतेक आयुष्य, पुष्कळदा वर्षभर, ते पाण्याखाली दगडांना धरून काढतात, आणि पंखांची कोंबे काळी पडली की एके दिवशी सुटून पृष्ठभागाकडे निघतात. पाण्याच्या पृष्ठभागाशी त्यांची कातडी पाठीवर उकलते आणि आतून राखी पंखांचा एक जीव बाहेर येऊन, जुन्या कातडीलाच होडी करून, पंख वाळेपर्यंत वाहत राहतो. हा जीव झाडावर जाऊन बसतो आणि काही तासांनी, किंवा दुसऱ्या दिवशी, पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा कीटक साऱ्या सृष्टीत हाच. शेवटच्या रूपात त्याचे पंख काचेसारखे पारदर्शक होतात, तोंड मात्र निकामी असते. खाण्याचे दिवस संपलेले असतात, उरलेले काही तास समागमाचे आणि अंडी घालण्याचे. त्या दिवशी राखणदाराचा अंदाज खरा ठरला. एक वाजून गेल्यावर आभाळ किंचित झाकोळले, वारा पडला, आणि पाण्यावर राखी शिडे दिसू लागली: आधी एक, मग पाच, मग जिकडेतिकडे. समोरच्या काठाखालच्या सावलीत पाण्यावर एक लहानसे वर्तुळ उमटून विरले, आवाज असा काही झालाच नाही. मग त्याच जागी पुन्हा. नाकपुडीएवढे तोंड पाण्याबाहेर येऊन एकेक शीड आत ओढून घेत होते, आणि त्या तोंडामागचा देह हातभर लांब होता. सुमारे चाळीस मिनिटे हा प्रकार चालला. मग वरच्या बाजूने पाण्यावर गारव्याची एक झुळूक आली, पाणी हिरवट झाले, आणि वर्तुळे थांबली. मी गळ टाकला नाही. मला तो टाकता येत नाही. मी दगडावर बसून पाहत होतो, आणि माझ्याबरोबर आलेल्या परवानेवाल्या स्नेह्याने दोन मासे काढून दोन्ही पाण्यात परत सोडले.

परवान्याची गोष्ट निघाली म्हणून तिथली पद्धत थोडक्यात सांगतो. काश्मीरात ट्राउटचे प्रवाह ‘बीट’ नावाच्या टप्प्यांत वाटलेले आहेत. मत्स्यखात्याच्या कचेरीतून विशिष्ट टप्प्याचा, विशिष्ट दिवसाचा परवाना घ्यावा लागतो, दिवसाला किती मासे ठेवावेत याची मर्यादा असते, काही टप्प्यांत कृत्रिम माशीखेरीज अन्य आमिषाला मज्जाव असतो. काश्मीरचा हंगाम परंपरेने एप्रिल ते सप्टेंबर असा. हिमाचलात तो मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि उंचीने कमी असल्यामुळे तीर्थनच्या खालच्या टप्प्यात वसंतही काश्मीरच्या आधी येऊन पोहोचतो. बांजारच्या बाजूने वाहत लारजीला बियासेत मिळणाऱ्या या नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून तिथल्या लोकांनी झगडा दिला, आणि तो जिंकला. शेजारच्या खोऱ्यांकडे पाहिले, म्हणजे त्या झगड्याचे मोल कळते.

हंगाम हिवाळ्यात बंद ठेवण्याचे कारण विणीत आहे. तपकिरी ट्राउट थंडीच्या तोंडाला अंडी घालतो. मादी कुशीवर वळून शेपटीच्या फटकाऱ्यांनी खडीत खळगा करते, त्यात अंडी पडतात, नर त्यांवर रेत सोडतो, आणि मादी वरच्या बाजूची खडी उडवून तो खळगा बुजवते. अंडी फुटायला किती दिवस लागतील हे पुन्हा पाण्याच्या उष्णतेवर: १० अंशांच्या पाण्यात चाळीस-पंचेचाळीस दिवस, त्याहून थंड पाण्यात दुप्पट आणि अधिक. पिल्ले फुटली तरी लगेच बाहेर येत नाहीत. पोटाशी बलकाची पिवळी पिशवी घेऊन ती आठवडेच्या आठवडे खडीच्या फटींत राहतात, आणि पिशवी संपत आली की वसंतात वर येऊन काठाच्या उथळ, संथ पाण्यात पहिला घास शोधू लागतात. म्हणजे परवान्याचा पहिला दिवस उजाडतो तेव्हा नदीच्या खडीखाली पुढच्या पिढीचे पाळणे भरलेले असतात. मत्स्यखात्याचे सारे नियम पाळणारा सज्जन मासेमारदेखील उथळ पाण्याच्या स्वच्छ, मोकळ्या, धुतलेल्या खडीवरून जड बूट घालून चालत गेला, तर त्याच्या एका फेरीत किती पिल्ले चिरडतील हे त्याला कधीच कळणार नाही. वसंतात नदीत उतरताना मोठ्या गोट्यांवरून किंवा काठाकाठाने जावे, हा नियम कुठल्याही परवान्याच्या मागे छापलेला मी पाहिला नाही. माझ्या मते तो सर्वांत वर छापला पाहिजे.

ट्राउटचे एवढे वर्णन केल्यावर त्याने ज्यांची जागा घेतली त्यांच्याविषयी गप्प राहणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हिमालयाच्या थंड पाण्यात कार्प कुळातले मूळचे मासे आहेत, त्यांना ‘हिमट्राउट’ म्हणतात, पण ते ट्राउट नव्हेत; तोंड खालच्या बाजूला, बारीक खवले, आणि त्यांतल्या काही जाती दगडांवरचे शेवाळ खरवडूनच जगतात. काश्मिरी भाषेत मासा म्हणजे ‘गाड’, आणि या कुळातल्या निरनिराळ्या जातींना तिथे निरनिराळी जुनी नावे आहेत. खोऱ्यातल्या सामान्य माणसाच्या ताटात पिढ्यान् पिढ्या आला तो हाच मासा. तपकिरी ट्राउट इतरांची पिल्ले खातो, चांगल्या जागा बळकावतो. दरबाराने आणि सरकारने ट्राउटला राखणदार दिले, पैदास केंद्रे दिली, कायदा दिला. घरच्या माशाला यांतले फार थोडे मिळाले. ट्राउटचा आनंद मी घेतला आहे, आणि तरी या वाटणीत अन्याय झाला असे माझे ठाम मत आहे.

हिमालय उतरून खाली आले, की नद्यांचा राजा महसीर. त्याचेही वसंतातले वागणे बर्फाच्याच पाण्यावर ठरते. गढवालात व्यासघाटापाशी नयार नदी गंगेला मिळते. गंगा वितळत्या बर्फाने थंड आणि राखट झालेली, नयार पावसावर वाहणारी, म्हणून वसंतात निवळ आणि ऊबदार. दोन रंगांच्या पाण्यांची जिथे शिवण दिसते, तिथे महसीर येऊन थांबतो, आणि मासेमारही तिथेच थांबतो. आपल्याकडे दख्खनी महसीरचे वर्णन कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केले, आणि स्थानिक लोकांच्या तोंडचे ‘खुद्री’ हे नाव त्याच्या शास्त्रीय नावात कायमचे घातले. त्याच मुळा-मुठेचे आजचे पाणी पाहिल्यावर याहून अधिक काही लिहवत नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने या माशाची पैदास करून तो पुष्कळ ठिकाणी सोडला, एवढाच दिलासा. गळाने मासे धरणे हा केवळ साहेबांचा नाद होता, असे समजण्याचेही कारण नाही: कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे, आणि त्यात माशांच्या जाती, त्यांना घालायचे चारे, काठी आणि दोरी यांचा तपशील आला आहे. कुठला मासा कुठल्या पाण्यात राहतो आणि काय खातो, हे आधी जाणून घेण्याची दृष्टी त्या राजालाही होती.

पुढच्या चैत्रात आपण पहलगामला, कोकरनागला किंवा तीर्थनच्या काठी गेलात, तर एक दिवस घोड्यांच्या आणि दुकानांच्या गर्दीतून थोडा वेळ काढा. सकाळी आठ वाजता एखाद्या पुलावर उभे राहून तळ कुठवर दिसतो ते पाहा, आणि दुपारी चारला त्याच जागी येऊन पुन्हा पाहा. झऱ्याच्या पाण्यात फरक पडणार नाही, बर्फाच्या नदीत बहुधा पडलेला असेल. मधल्या वेळात काठालगतचा एक दगड उचलून त्याच्या पाठीवर कोण राहते ते मुलांना दाखवा. मुलांना उथळ खडीत धावू देऊ नका. आणि दगड पाहून झाला, की तो होता त्याच खाचेत, होता त्याच बाजूने परत ठेवा.